४८ मिलिमीटरमध्ये बसणारा सीपीयू कूलर: हवेचा वाटा आधी, धातू नंतर

लो-प्रोफाइल कूलरचं चित्र काढायला बसलात की पहिली रेघ सीपीयूची ओढू नका. केसच्या पत्र्याची ओढा आणि तिथून खाली मोजत या. उंच टॉवर कूलरमध्ये धातू आधी ठरतो, पंखा नंतर अडकवतात आणि हवा आपली वाट शोधून घेते, कारण आजूबाजूला मोकळी जागा पडलेली असते. सात-आठ लिटरच्या केसमध्ये ही वाट तुम्हालाच द्यावी लागते, तीही मिलिमीटर मोजून. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे: उंचीतला हवेचा वाटा आधी बाजूला काढा, मग जे उरेल त्यात धातू बसवा.

मी भोसरीत हीटसिंक बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये डिझाइन बघते. इन्व्हर्टर, मोटार ड्राइव्ह, वेल्डिंग मशीन यांचे हीटसिंक हा आमचा रोजचा माल. तिथलं आणि इथलं गणित एकच, पण तिथे गिऱ्हाईक शंभर मिलिमीटर उंची सहज देतं. छोट्या कॉम्प्युटरचं काम मी हौसेने अंगावर घेतलं, ते नागपूरच्या आतेभावासाठी. तो लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि त्याला मशीन उचलून हॉलवर नेता यायला हवं होतं. केस डॅन ए४-एसएफएक्सच्या धाटणीची, म्हणजे मधल्या पत्र्याच्या एका बाजूला मदरबोर्ड आणि दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड. डॅनची ती केस ७.२ लिटरची आहे आणि तिच्यात सीपीयू कूलरला ४८ मिमी मिळतात. बोर्ड मिनी-आयटीएक्स, १७० बाय १७०. प्रोसेसर रायझन ७ ७७००. याच्या खोक्यात येणारा रेथ प्रिझम कूलर या केसमध्ये बसण्याचा प्रश्नच नाही. पुढचे सगळे आकडे याच उदाहरणाचे. तुमची केस वेगळी असेल तर आकडे बदला, क्रम मात्र हाच ठेवा.

आधी उकाडा मोजा

परदेशी परीक्षणांत कूलर २०-२२ अंशांच्या खोलीत तपासलेले असतात. त्यातला "७८ अंश" हा आकडा वाचून नागपूरच्या मे महिन्यासाठी कूलर ठरवू नका. खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तर हवा ३२-३३ वर राहते. वीज गेली, इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि कॉम्प्युटर उरले, की खोली ४० ला जाते. मी ४० धरते. कूलरचा पंखा पत्र्यातल्या भोकांतून थेट बाहेरची हवा ओढत असेल तर त्यात २ अंश मिळवा, म्हणजे ४२. पंखा केसच्या आतलीच हवा फिरवत असेल तर ४८-५० धरावे लागतील, आणि मग या उंचीत हे काम होणार नाही.

आता वॅट. ७७०० च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण एएम५ सॉकेटवर ६५ वॅटच्या प्रोसेसरला प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत ओढायची मुभा असते. या मर्यादेला पीपीटी म्हणतात. रेंडर लागला की प्रोसेसर त्या ८८ ला जाऊन टेकतो आणि तासभर तिथेच बसतो. कूलर या आकड्यासाठी करायचा असतो, ६५ साठी नव्हे.

चिपचं कमाल तापमान ९५ अंश. मी ९० ला थांबते. आता चिप आणि तिच्यावरची धातूची टोपी यांच्यातही तापमानाचा फरक पडतो. झेन ४ मध्ये, म्हणजे ७७०० च्या पिढीत, तो मोठा आहे, कारण सगळे कोअर जेमतेम ७१ चौरस मिलिमीटरच्या तुकड्यावर आहेत आणि वरची टोपी जाड आहे. ८८ वॅटला मी २० अंश या फरकासाठी सोडते. म्हणजे टोपीला ७० अंश, हवेला ४२, हातात २८ अंश. २८ भागिले ८८, म्हणजे दर वॅटमागे ०.३२ अंश. हा तुमच्या कूलरचा उष्णतारोध, याच्या खाली राहायचं.

४८ मिमी उंचीत आणि १४ मिमीच्या पंख्याने ०.३२ गाठणं फार ओढाताणीचं आहे. पंखा कायम पूर्ण वेगात ओरडत राहील. म्हणून इथे मी पीपीटी ७५ वर आणली. बायोसमध्ये पीबीओच्या, म्हणजे प्रोसेसरच्या मर्यादा बदलण्याच्या, मेन्यूत हा आकडा हाताने देता येतो. काही बोर्ड तो मिलिवॅटमध्ये मागतात, म्हणजे ७५०००. वेग काही टक्के कमी होतो, आतेभावाला रेंडरमध्ये तो जाणवतही नाही. टोपीचा फरक त्याच प्रमाणात १७ वर येतो, हातात ३१ अंश उरतात आणि लक्ष्य ०.४१ होतं. ८८ चं ७५ करण्यात कूलरला जे मिळालं, ते तांब्यावर कितीही खर्च करून मिळालं नसतं. पहिला कागद संपायच्या आत हा निर्णय घ्या.

उंचीची वाटणी

कूलरची उंची सीपीयूच्या टोपीपासून मोजतात. केसवाला देतो तो आकडाही बहुधा टोपीपासूनचा असतो, पण बहुधावर विसंबू नका. टोपीवर प्लास्टिकचा कागद ठेवा, त्यावर मुलांच्या मातीचा एक उंच गोळा ठेवा, पत्रा लावून स्क्रू आवळा, उघडा आणि दबलेला गोळा व्हर्नियरने मोजा. पत्रा मधोमध किती आत-बाहेर होतो, तेही बोटाने दाबून बघा. पातळ पत्रा मिलिमीटरभर सहज दबतो.

माझ्या ४८ ची वाटणी अशी झाली. वरून खाली येऊ. १.५ मिमी पत्र्याच्या दबण्यासाठी आणि जोडणीतल्या फरकासाठी. ३ मिमी पत्रा आणि पंखा यांच्यामध्ये. १४ मिमी पंखा. २.५ मिमी पंखा आणि फिन्स यांच्यामध्ये. उरले २७. त्यातले ८ बेस आणि हीटपाइपचे (हीटपाइप म्हणजे आत पाणी असलेली, उष्णता वाहून नेणारी तांब्याची बंद नळी), १९ फिन्सचे, म्हणजे हवेला उष्णता देणाऱ्या पातळ पट्ट्यांचे.

पंख्याच्या वरचे ३ आणि खालचे २.५ मिमी बघून नव्या माणसाचा हात शिवशिवतो. तेवढ्यात फिन्स वाढवल्या तर पृष्ठभाग पाव पटीहून जास्त वाढेल, असं वाटतं. वाढेलही, पण त्यावरून हवा जाणार नाही. पंख्याच्या वर जागा नसेल तर पात्यांची टोकं भोकांच्या कडांजवळून जातात आणि एक सूर लागतो. कमी वेगातही तो रात्री कानाला टोचतो. खालच्या अंतराचं कारण वेगळं आहे. ९२ मिमीच्या पंख्याच्या मधली मोटार ३६ मिमीच्या आसपास व्यासाची असते. पाती जितकं वर्तुळ व्यापतात त्याचा सहावा हिस्सा हा. तिच्या खाली हवा येत नाही, आणि दुर्दैवाने सीपीयू नेमका तिच्याच खाली असतो. दोन-अडीच मिलिमीटर मोकळे ठेवले तर बाजूची हवा थोडी आत सरकते. बाकीचं काम हीटपाइपने करायचं, म्हणजे उष्णता मधल्या मुक्या भागातून उचलून कडेला न्यायची.

३७ मिमीच्या केससाठी करत असाल तर नॉक्टुआचा एनएच-एल९ हातात घेऊन बघा. २३ मिमी धातू, १४ मिमी पंखा, लांबी-रुंदी ९५ बाय ९५, त्यामुळे रॅमला किंवा ग्राफिक्स स्लॉटला कुठेच आडवा येत नाही. वरची जागा त्यांनी केसवाल्याच्या भरवशावर सोडलेली आहे. ३७ मिमीत ७५ वॅटचा हट्ट मी धरणार नाही. तिथे पीपीटी ६० च्या आसपास ठेवा आणि सुखी राहा.

हीटपाइप कुठे वळवायचा

या सगळ्या कामात माझा सर्वांत आवडता भाग हा आहे, कारण कागदावरची भूमिती इथे थेट अंशांत उतरते.

६ मिमीचा सिंटर्ड हीटपाइप, म्हणजे आतून तांब्याच्या भुकटीची जाळी असलेला, आडवा असताना साधारण ३० ते ४० वॅट नेतो. ७५ वॅटला तीन लागतील, चार घ्या, कारण वाकवल्यावर आणि दाबल्यावर त्याची ताकद कमी होते. चपटा करायचा असेल तर ४ मिमीच्या खाली जाऊ नका. आतली वाफेची वाट अरुंद झाली की पाइप नुसतीच तांब्याची पट्टी उरते.

नेहमीची रचना यू आकाराची. पाइपची खालची भुजा बेसमध्ये, वरची फिन्समधून आरपार. वळणाची त्रिज्या पाइपच्या मध्यरेषेवर व्यासाच्या तिप्पट असावी असं बनवणारे सांगतात, म्हणजे १८ मिमी. एवढी जागा आपल्याकडे नाही. दुप्पट, म्हणजे १२ मिमी, ही माझी खालची मर्यादा. त्यासाठी मँड्रेल (ज्याच्याभोवती पाइप वळवतात तो गोल साचा) आणि चांगला बेंडर हवा, नाहीतर आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि तिथली जाळी फाटते. आता १२ मिमी त्रिज्येचा यू उभा ठेवला तर दोन भुजांत २४ मिमी अंतर पडतं. खालच्या भुजेचं केंद्र टोपीपासून ४.५ मिमीवर आहे. वरचं २८.५ वर जाईल, आणि आपल्या फिन्स २७ ला संपतात.

यावर उपाय म्हणजे यू तिरपा करा. ४५ अंशांत झुकवला की उभं अंतर २४ चं १७ होतं. वरची भुजा २१.५ वर येते, तिची पाठ २४.५ वर, आणि वर फिनचा अडीच मिमीचा काठ उरतो. त्रिज्या तीच राहिली, पाइपला इजा नाही. शिवाय वरची भुजा १७ मिमी बाजूला सरकली, म्हणजे मोटारीखालच्या मुक्या भागातून आपोआप बाहेर गेली. दोन पाइप एका बाजूला झुकवा, दोन दुसऱ्या. बाजारातल्या ४७ मिमीच्या कूलरांकडे, उदाहरणार्थ थर्मलराइटच्या एएक्सपी९०-एक्स४७ कडे, बाजूने नीट बघा. जागा वाचवण्याचा सगळा विचार त्या वळणांत केलेला दिसेल.

केस उभी असेल तर बोर्डही उभा असतो. तेव्हा पाइप आडवे धावतील असे बसवा. फिन्स पाइपला काटकोनात असल्यामुळे त्यांच्या खाचा मग उभ्या येतात, आणि गरम हवा वरच्या आणि खालच्या तोंडातून निघते. वरचं तोंड केसच्या वरच्या भोकांसमोर आलं पाहिजे. पाइप उभे ठेवले आणि थंड होणारं टोक खाली गेलं, तर पाण्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढून परत यावं लागतं. सिंटर्ड जाळी ते करते, पण तिची ताकद त्यात खर्च होते. १७ मिमीच्या झुकावाने काही बिघडत नाही. ९० मिमीची चढण मात्र जाणवते.

एएम५ साठी आणखी एक. कोअरचा तुकडा टोपीच्या मध्यावर नाही, एका कडेकडे आहे. नॉक्टुआ यासाठी कूलर ७ मिमी सरकवणाऱ्या पट्ट्या विकते आणि १ ते ३ अंशांचा फायदा सांगते. आपण पट्टी स्वतःच करतोय, तर भोकं सुरुवातीलाच सरकवून पाडा. मात्र ७ मिमी सरकलेला कूलर ग्राफिक्स स्लॉटच्या बाजूला कशाला अडत नाही ना, हे आधी पुठ्ठा कापून तपासा.

फिन्स: किती, कशाच्या

फिन तांब्याची करावी की ॲल्युमिनियमची, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर १९ मिमी या उंचीत आहे. फिनच्या बुडापासून टोकापर्यंत जाताना तापमान उतरतं, म्हणून टोकाकडचा भाग पूर्ण काम करत नाही. ०.४ मिमी जाड ॲल्युमिनियमची १९ मिमीची फिन, वर साधारण जोराची हवा, असं धरून हिशेब केला तर ती ९० टक्के काम करते. ०.३ मिमी तांब्याची ९२-९३ टक्के. फरक एवढाच. वजन मात्र ॲल्युमिनियमचं सुमारे ९० ग्रॅम, तांब्याचं २२० ग्रॅम. हॉलवर ने-आण होणाऱ्या मशीनमध्ये हे वजन सॉकेटवर लटकणार. तांबं बेसमध्ये घाला, तिथे ते कामाचं आहे. टोपीतून आलेली उष्णता चार पाइपांत पसरवायची आहे आणि जागा इवलीशी आहे.

एकच नग घरी करायचा असेल तर मात्र तांब्याच्या फिन्स सोप्या पडतात, कारण त्यांना थेट सोल्डर लागतं. ॲल्युमिनियमला आधी निकेल प्लेटिंग करून घ्यावं लागतं. भोसरी-चाकणला ते जॉबवर्कवर होतं, पण एका नगासाठी कोणी उत्साहाने घेत नाही.

फिन्समधली फट मी १.६ मिमी ठेवली. ०.४ ची फिन धरून २ मिमीचा पिच (एका फिनपासून पुढच्या फिनपर्यंतचं अंतर), ९२ मिमीत ४६ फिन्स, पृष्ठभाग ०.१६ चौरस मीटर. फट १ मिमीवर आणली तर पृष्ठभाग खूप वाढतो, पण १४ मिमीच्या पंख्यात तेवढा दाब नसतो. नॉक्टुआच्या एनएफ-ए९एक्स१४ चं उदाहरण घ्या. २५०० फेऱ्यांना मोकळ्या हवेत ताशी ५७.५ घनमीटर, आणि दाब फक्त पाण्याच्या २.११ मिमी एवढा. दाट फिन्सपुढे तो हवा ढकलत नाही, बाजूने परत फेकतो. दुसरं कारण धूळ. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीच्या चौकटीवर दोन दिवसांत बोटाने नाव लिहिता येतं. १ मिमीची फट महिन्या-दोन महिन्यांत वरून नमद्यासारखी बंद होते.

काळं ॲनोडायझिंग दिसायला छान. थंडाव्यासाठी त्याची वाट बघू नका. एवढ्याशा ठोकळ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून किरणोत्सर्गाने ३ वॅटही जात नाहीत, आणि समोरचे पत्रेही गरमच असतात.

आता बेरीज करून बघू. टोपी आणि बेस यांच्यामधली थर्मल पेस्ट ०.०३. बेस आणि पाइप ०.१०. फिन्सवरून हवेत ०.१७. हवा स्वतः तापत जाते, तिचे सरासरी ०.०६ ते ०.०७. एकूण ०.३७ च्या आत, लक्ष्य ०.४१. हवेच्या आकड्यासाठी मी ताशी २५ घनमीटर धरले आहेत, पंख्याच्या मोकळ्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. कागदावर लिहिलेले ५७.५ धरून हिशेब करणारे नेहमी फसतात. शिवाय पुण्याची उंची ५६० मीटर आहे. इथली हवा समुद्रकाठापेक्षा पाच-सहा टक्के पातळ असते आणि तेवढी कमी उष्णता नेते. तुम्ही महाबळेश्वरला राहत असाल तर हे आणखी वाढवून धरा.

पत्रा आणि पंखा

पत्र्यावरची भोकं हा कूलरचाच भाग समजा. ३ मिमीची गोल भोकं ४ मिमीच्या पिचवर, एकाआड एक सरकवलेली, असतील तर निम्मा पत्रा उघडा असतो. ४ मिमीची ५ च्या पिचवर केली तर ५८ टक्के. मी लेझर कटिंगवाल्याकडून षटकोनी करून घेतली, कारण मधल्या पट्ट्या सगळीकडे सारख्या रुंदीच्या राहतात आणि पत्रा कमजोर न करता उघडी जागा वाढते.

पंखा आणि पत्रा यांच्यामधल्या ३ मिमीतून गरम हवा वळून परत आत येते. ही चोरी थांबवण्यासाठी पंख्याच्या चौकटीभोवती फोमची चौकट लावा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी ईव्हीए फोम शीट, मध्ये ९० मिमीचं गोल भोक, जाडी ४ मिमी, म्हणजे पत्रा लागल्यावर थोडी दाबून बसते. या कामातली सगळ्यात स्वस्त वस्तू हीच, आणि वर मी ५० ऐवजी ४२ अंश धरले ते फक्त तिच्या जोरावर.

१२० बाय १५ चा पंखा घेता येईल का? घेता येतो, आणि तो हळू फिरून तेवढीच हवा देतो. पण तो रॅमच्या डोक्यावरून जातो. साधी, बिनटोपीची रॅम ३१ मिमीच्या आसपास उंच असते, स्लॉटमध्ये बसल्यावर आणखी वर येते. शोभेची टोपी घातलेली रॅम असेल तर विषय संपला. मोजून घ्या आणि मगच ठरवा.

जोडणी

बेस ८० बाय ४० ची तांब्याची पट्टी. त्यात ६ मिमीच्या बॉलनोज कटरने चार खाचा, शेजारी शेजारी, मधल्या भिंती १ मिमीच्या. पाइपच्या खाली १.५ मिमी तांबं राहू द्या. सोल्डर कथील-बिस्मथचं पेस्ट स्वरूपातलं घ्या, जे १३८ अंशांना वितळतं. हीटपाइपच्या आत पाणी आहे. २५० अंशांना त्या पाण्याच्या वाफेचा दाब ४० बारच्या घरात जातो आणि पाइप फुगतो. म्हणून गॅसची ज्योत पाइपला कधीही लावू नका. सगळं जिगमध्ये आवळून ओव्हनमध्ये १६५-१७० ला ठेवा, जोडाजवळ थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवा, सोल्डर चमकलं की बंद करा. हे ओव्हन स्वयंपाकाला पुन्हा वापरायचं नाही. डोळ्यांवर गॉगल हवाच.

खालचा चेहरा सोल्डरिंग झाल्यावर सपाट करा, आधी नाही. उष्णतेने पट्टी थोडी वाकतेच. सरफेस प्लेटवर ४०० चा, मग ८०० चा पॉलिश पेपर, आठच्या आकड्यात हात फिरवत. ब्लू (सपाटपणा तपासायचा निळा रंग) लावून तपासा, मधला भाग पूर्ण उमटला पाहिजे. आरशासारखी चकाकी लागत नाही. पेस्टचा थर ५० मायक्रॉनऐवजी १०० झाला तर अंश-दोन अंश जातात, चकाकीने काही मिळत नाही.

एएम५ ची भोकं ५४ बाय ९० मिमीवर आहेत. मागची प्लेट सॉकेटच्या यंत्रणेचाच भाग आहे, ती काढायची नसते. तिच्याच आट्यांत स्क्रू जातात. हे स्क्रू ६-३२ यूएनसी आहेत. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात एम३.५ दाखवतील, एखादी आटी जाईलही, पुढे अडेल. जोर करू नका, ६-३२ चेच स्क्रू वापरा. स्क्रूवर स्प्रिंग आणि खाली खांदा ठेवा, म्हणजे आवळणं ठरावीक जागी थांबेल आणि चारही कोपऱ्यांवर दाब सारखा येईल.

इंटेलवर करत असाल तर एलजीए१७०० ची भोकं ७८ बाय ७८ वर आहेत, आधीच्या ११५एक्स आणि १२०० ची ७५ बाय ७५ वर होती. त्या सॉकेटमध्ये टोपीही बोर्डापासून थोडी खाली बसते, त्यामुळे जुना खांदा चालत नाही, दाबच येत नाही. फक्त पट्टी बदलून भागेल असं समजू नका.

तपासणी

थेट सीपीयूवर चढवू नका. ४० बाय ४० चा तांब्याचा ठोकळा घ्या, त्यात १०० वॅटचा कार्ट्रिज हीटर बसवा, वरच्या चेहऱ्याखाली २ मिमीवर थर्मोकपलचं भोक पाडा, खाली आणि बाजूंनी ग्लासवूल. हीटरला डिमरस्टॅटमधून (व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र) वीज द्या, वॅटमीटरवर ७५ आणा. ठोकळ्याला अर्थिंग द्यायचंच. पंखा चालू ठेवून अर्धा तास थांबा, आकडा पाच मिनिटं हलला नाही की लिहा. ठोकळ्याचं तापमान वजा पंख्यासमोरच्या हवेचं, भागिले ७५. माझा आकडा ०.३९ आला, म्हणजे हिशेबापेक्षा थोडा वर, लक्ष्याच्या आत. तुमचा ०.४५ च्या वर आला तर आधी एकेका पाइपच्या दोन्ही टोकांना थर्मोकपल लावा. एखाद्या पाइपच्या टोकांत पाच-सहा अंशांहून जास्त फरक असेल तर तो वाकवताना मेला आहे. सगळे पाइप ठीक आणि फिन्स थंड असतील तर सोल्डरचा जोड कच्चा आहे. फिन्सही गरम असतील तर हवा कमी पडते आहे.

मग केसमध्ये. पत्रा लावा, रेंडर सुरू करा आणि उदबत्ती पेटवून पत्र्याच्या कडेने फिरवा. धूर पंख्याच्या भोकांत सरळ आत गेला पाहिजे. वरच्या भोकांतून निघालेला धूर वळून बाजूच्या भोकांत शिरत असेल तर तेवढी भोकं आतून चिकटपट्टीने बंद करा आणि तापमान परत बघा. मोजमाप नेहमी पत्रा लावूनच. धुळीची जाळी लावणार असाल तर ती लावून मोजा, कारण बारीक जाळी पातळ पंख्याची हवा चांगलीच खाते. आतेभावाच्या मशीनवर मी जाळी लावली नाही. १.६ च्या फटीतून धूळ ब्लोअरने सहज निघते, आणि तो ब्लोअर त्याच्याकडे कॅमेऱ्यासाठी होताच. पंख्याचं पातं काडीने अडवून मगच फुंका, नाहीतर पंखा भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं.

शेवटी पंख्याचा वेग. फेऱ्या २० टक्के वाढवल्या की आवाज सुमारे ४ डेसिबलने वाढतो, हवा मात्र फक्त २० टक्केच वाढते. झेन ४ चं तापमान एखादी फाइल उघडली तरी क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं, आणि पंखा त्यामागे धावला तर दिवसभर घरघर चालू राहते. बायोसमध्ये ६५ अंशांपर्यंत सपाट १२०० फेऱ्या ठेवा, तिथून ८५ पर्यंत सरळ चढ, आणि वेग बदलायला चार-पाच सेकंदांचा उशीर द्या. खोली ४० ची असताना, तासभर रेंडर चालवून, पत्रा लावलेला असताना ९० च्या खाली राहतो का ते बघा. मे महिन्यात नागपूरला हे तपासायला वेगळी सोय करावी लागत नाही. इतरांनी खोलीचं तापमान लिहून ठेवावं आणि जेवढे अंश ४० पेक्षा कमी, तेवढे वाचलेल्या आकड्यात मिळवावेत.